तंबूतला सिनेमा

कापूस निघाला, गाड्या बाजाराला लागल्या, हातात चार पैसे आले, म्हणजे आमच्या नेर परसोपंताकडे जत्रांचे दिवस येत. जत्रेत मिठाईची दुकाने असत, बांगड्यांची असत, पाळणाही असे. पण आम्हा पोरांचे डोळे लागलेले असत एका मळकट पांढऱ्या तंबूकडे. दुपारपासून बांबूवर बांधलेला कर्णा गाणी म्हणू लागे. दिवेलागणीला जनरेटर सुरू झाला की पायाखालची जमीन थरथरे. मग जेवण कुठले आणि काय कुठले! ताटावरून उठून पोरे पळत सुटत.

ही गोष्ट १९७० नंतरच्या सालांतली. आता तुमच्यातल्या पुष्कळांच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यात हवा तो सिनेमा दिसतो. मग तंबूची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की, खेड्यातल्या माणसाला सिनेमा पहिल्यांदा दिसला तो बहुधा तंबूत. शहरातल्या टॉकीजला दगडी भिंती होत्या. तिथे जायला भाडे लागे, मुक्काम लागे. तंबू मात्र आपल्या दारी येत होता. तो कसा चालत होता आणि पुढे का उठला, हे आज पाहू.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. सिनेमातले चित्र हालत नाही.

आम्ही शाळेत हे वाक्य बोललो की पोरे हसत. "गुर्जी, हालत नाही तं घोडा पळते कसा?" असे एकाने विचारलेही होते. तेव्हा आम्ही त्याला त्याचीच वही घ्यायला लावली. वहीच्या कोपऱ्यात पहिल्या पानावर एक माणूस काढला, हात खाली. दुसऱ्या पानावर तोच माणूस, हात जरासा वर. तिसऱ्यावर आणखी वर. अशी वीस पाने भरली. मग अंगठ्याने कोपरा दाबून पाने भरभर सोडली. माणसाने सलाम केला! पोरगा दोन दिवस तेवढाच उद्योग करत होता.

सिनेमात हेच होते. एका लांब पट्टीवर बारीक बारीक चित्रे छापलेली असतात. पट्टीची रुंदी ३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे. मशीन एक चित्र दिव्यापुढे आणते, क्षणभर थांबवते, पडद्यावर दाखवते. मग झडप मध्ये येऊन उजेड अडवते, तेवढ्यात पुढचे चित्र येऊन थांबते. बोलपटात असे एका सेकंदात २४ वेळा होते. मधला अंधार आपल्याला कळत नाही. आपला डोळा आणि मेंदू मिळून ती फट बुजवतात आणि घोडा पळाला असे आपल्याला वाटते.

हिशेब करून पाहा. सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला १,४४० चित्रे. अडीच तासांच्या सिनेमाला दोन लाख सोळा हजार. पट्टीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे पट्टी झाली साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त लांब. ती एकाच गुंडाळीत मावत नाही. म्हणून तिची रिळे करतात आणि एकेक रीळ पत्र्याच्या गोल डब्यात ठेवतात. हे डबे पुढे पुन्हा येतील, ध्यानात ठेवा.

आता थोडे मागे जाऊ. फ्रान्स देशात ल्युमिएर नावाचे दोन भाऊ होते. त्यांनी १८९५ साली पॅरिसमध्ये तिकीट लावून हालती चित्रे दाखवली. त्यांचा माणूस मुंबईला आला आणि ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात त्याने खेळ केला. तिकीट होते एक रुपया. त्या काळच्या एका रुपयात गरिबाच्या घरचे किती दिवस निघत, याचा विचार करा. तेव्हा तो खेळ साहेब लोकांचाच झाला. थोड्याच दिवसांत नॉव्हेल्टी थिएटरात खेळ सुरू झाले, तेव्हा चार आण्यांचेही तिकीट ठेवले आणि पडदानशीन बायांसाठी वेगळी जागा केली. म्हणजे स्वस्त जागा कोणाला आणि बाया कुठे बसणार, हे दोन प्रश्न अगदी पहिल्या महिन्यापासून सिनेमाला चिकटले आहेत.

टॉकीज बांधायच्या आधी आपल्या देशात तंबूच होते. कलकत्त्याच्या मैदानावर जमशेटजी मदन यांनी १९०२ साली तंबूत बायोस्कोप दाखवला. अब्दुलअली युसुफअली नावाचे दुसरे एक गृहस्थ तर तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूरपर्यंत फिरले. पुढे १९०८ पासून ते आपल्या देशात गावोगाव हिंडू लागले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता. त्यात सुमारे हजार माणसे बसत. या माणसाने १९१४ साली मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या भागीदारीत अलेक्झांड्रा थिएटर घेतले, मग मॅजेस्टिक बांधले. त्याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला. हा आपल्या देशातला पहिला बोलपट, आणि काढला इराणी यांनीच. तंबूतून निघालेली वाट बोलपटापर्यंत अशी सरळ गेली आहे.

मध्ये आपले दादासाहेब फाळके येतात. मूळचे त्र्यंबकेश्वरचे. मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा पाहिला आणि मनात घेतले, आपल्या देवांचा सिनेमा का नको? विमा गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेला गेले. काम शिकले, कॅमेरा घेऊन आले. त्या काळी कोऱ्या पट्टीला कडेची भोके आपणच पाडावी लागत. ती भोके नसली तर मशीनचे दाते पट्टीला धरू शकत नाहीत. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत. वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून ते साळुंके नावाच्या पुरुषाने केले. फाळक्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. सरस्वतीबाईंचे फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

हे सारे सिनेमे मुके होते. कोण काय बोलले ते मधूनमधून पडद्यावर अक्षरांत येई. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि आजूबाजूचे ऐकत. पाच-पन्नास माणसांत एखादाच वाचणारा असला, म्हणजे त्याचा मान केवढा! आणि त्याने चुकीचे वाचले तर बाकीच्यांना काय कळणार? बोलपट आला आणि वाचणाऱ्याची गरज सरली. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. पडद्यावरचा राजा मराठी बोलू लागला, तेव्हा अक्षर न ओळखणारी म्हातारीही शहाण्याइतकीच समजू लागली. 'संत तुकाराम' १९३६ साली आला, तो मुंबईत एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. आमचे मत असे की, एवढा चालण्याचे एक कारण हेच. तो समजायला वाचता येण्याची गरज नव्हती.

आवाज कुठून येतो तेही सांगतो. पट्टीच्या कडेला चित्रांच्या शेजारी एक बारीक नागमोडी रेघ असते. मशीनमधला एक छोटा दिवा त्या रेघेवर पडतो. रेघ जशी जाड-बारीक होते तसा पलीकडे उजेड कमी-जास्त पोचतो. त्या कमी-जास्त उजेडाची वीज होते आणि विजेचा कर्ण्यात आवाज होतो. म्हणजे लताबाईंचे गाणे मुळात एका रेघेत असे.

आता आपल्या तंबूत या. तुम्ही म्हणाल, मुंबईचा सिनेमा नेरच्या बाजूला येत होता कसा? तो अमरावतीहून येई. सिनेमाच्या धंद्याने देशाचे आपले वेगळे इलाखे पाडले आहेत. आपल्या इलाख्याचे त्यांच्यातले नाव आहे सी. पी. बेरार, म्हणजे मध्यप्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत सरकारी नकाशावरून १९५० सालीच गेला, पण सिनेमावाल्यांच्या वहीत नाव टिकले. भुसावळ आणि अमरावती ही या धंद्याची मोठी ठाणी. अमरावतीला सिनेमा भाड्याने देणाऱ्यांच्या कचेऱ्या होत्या. तंबूवाल्याचा माणूस तिथे जाई, पैसे भरी, आणि डबे एस. टी.च्या टपावर चढवून आणी. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरची एस. टी. नेरला थांबली की आम्ही पोरे टप पाहत असू. गोल डबे दिसले तर त्या दिवशी शाळेत कोणाचे लक्ष लागत नसे.

एका सिनेमाच्या प्रती मोजक्याच काढत, कारण एकेका प्रतीला हजारो रुपये पडत. आधी ती प्रत मोठ्या शहरात चाले, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला. आपल्या तंबूत येईतो वर्ष-दोन वर्षे उलटलेली असत. पट्टीवर ओरखडे पडलेले असत. पडद्यावर सारखा पाऊस पडतो आहे असे वाटे. तुटलेली पट्टी कापून जोडलेली असे, म्हणून नायक दाराशी दिसे तो एकदम खाटेवर. आम्हाला वाटे, सिनेमा असाच असतो. पुढे यवतमाळच्या टॉकीजात कोरी प्रत पाहिली तेव्हा समजले की, गावाच्या वाट्याला आलेला माल उष्टा होता.

तंबूत खुर्च्या नव्हत्या. जमिनीवर बसायचे, घरून पोते आणायचे. मशीन बहुधा एकच असे. रीळ संपले की दिवे लागत, ऑपरेटर दुसरे रीळ चढवी, तोवर चहा-शेंगदाणेवाले हिंडत. मशीनमध्ये आज दिसतो तसा बल्ब नव्हता. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्या मधल्या फटीत विजेची ठिणगी धरत. तिचा उजेड वेल्डिंगच्या उजेडासारखा, डोळे दिपवणारा. कांड्या जळून आखूड होत. फट वाढली की उजेड मंद होई, म्हणून ऑपरेटरला एक हात सतत मुठीवर ठेवून त्या जवळ आणाव्या लागत. मागे पडद्यावर अंधारले की लोक शिट्ट्या मारत. तेव्हा समजावे की, ऑपरेटरची बिडी चालली आहे.

आम्ही पाहिलेल्या एका तंबूत पडदा मधोमध होता. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. मशीन पुरुषांच्या बाजूला, म्हणून बायांना सारे उलटे दिसे. उजव्या हाताने जेवणारा डाव्या हाताने जेवे. सुरुवातीची नावेही उलटी. आम्ही तेव्हा आत्याजवळ बसत असू. तिसरी-चौथीत होतो, वाचनाची नवी हौस होती. अक्षर लागेना तेव्हा आम्ही रडकुंडीला आलो. म्हटले, "आत्या, अक्षरं उलटी हायेत." आत्या म्हणाली, "हायेत का? मले तं सारीच सारखी दिसतात रे बाबू." आणि ती सिनेमा पाहू लागली. तिकीट मात्र दोन्ही बाजूंना सारखेच, आठ आणे.

एक वाईट आठवणही सांगितली पाहिजे. एका वर्षी चालू खेळात पट्टी मशीनमध्ये अडकली. पट्टी थांबली की दिव्याची आच एकाच चित्रावर बसते. पडद्यावर नटीच्या तोंडावर तांबूस डाग पडला, तो फुगला, आणि तिथे भोक झाले. कोणीतरी ओरडले, "आग!" खरे तर आग नव्हती. एक चित्र तेवढे वितळले होते. पण लोक उठले आणि एकाच तोंडाकडे धावले. तंबूला दुसरे तोंड होते, पण फुकटी पोरे शिरतात म्हणून मालकाने ते दोरीने आवळून बांधले होते. त्या चेंगराचेंगरीत आमच्या वर्गातल्या एका मुलाचा हात मोडला. कनातीच्या खालून माती उकरून आम्ही बाहेर पडलो.

आमचे दैव म्हणून हातावर निभावले. जुनी पट्टी, म्हणजे साधारण १९५० पर्यंत वापरत ती, कापसापासून केलेल्या एका पदार्थाची असे. ती भुरकन पेट घेई आणि पाण्यातही विझत नसे. पॅरिस शहरात ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय बाजारात, लाकूड आणि कापडाच्या मांडवात, सिनेमाच्या दिव्यापासून आग लागली. सव्वाशेच्या आसपास माणसे मेली, त्यांत बहुतेक बाया. पुढे न पेटणारी पट्टी निघाली, कायदे झाले. तरी १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसे गेली. तिथे आग तळमजल्यावरच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती. माणसे मेली ती धुराने गुदमरून, कारण बाहेर पडायची वाट जादा खुर्च्या टाकून अडवली होती.

म्हणून टॉकीज असो, मंगल कार्यालय असो की कीर्तनाचा मांडव असो, बसण्याआधी दारे मोजा. तांबड्या किंवा हिरव्या दिव्याच्या पाटीवर 'बाहेर' किंवा 'बाहेर जाण्याचा मार्ग' असे लिहिलेले असते. ते दार उघडते की कुलूप आहे, ते पाहा. कुलूप असेल तर काढायला सांगा. तुम्ही पैसे देऊन आत आला आहात, विचारायला भिऊ नका.

तंबू उठला कसा, ते थोडक्यात सांगतो. मुंबईला १९७२ साली टीव्ही आला. १९८२ पासून रंगीत टीव्ही आला. १९८७ साली टीव्हीवर रामायण सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या अंगणात अख्खे गाव बसे. मग व्हिडिओ आला, केबल आली. शहरातल्या टॉकीजही एकेक करून बंद पडू लागल्या. मोठ्या शहरांत एका छताखाली चार-सहा पडदे असलेली महागडी थिएटरे निघाली.

शेवटचा धक्का दिला नव्या यंत्राने. २००० नंतर हळूहळू पट्टीच गेली. सिनेमा आता डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो. नव्या मशीनमध्ये पट्टी नाही, डबे नाहीत, कांड्या तर नाहीतच. यात आपले भलेही झाले, हे कबूल केले पाहिजे. ज्या शुक्रवारी सिनेमा मुंबईत लागतो त्याच शुक्रवारी तो यवतमाळला लागू शकतो आणि पडद्यावर पाऊस पडत नाही. उष्ट्या मालाचा प्रश्न संपला. पण नवे मशीन महाग. २०१०च्या पुढे पट्टीवरच्या प्रती मिळेनाशा झाल्या, तेव्हा तंबूवाल्यापुढे दोनच वाटा राहिल्या, कर्ज काढून नवे मशीन घ्यायचे की धंदा बंद करायचा. कित्येकांनी जुनी मशीन भंगारात किलोवर विकली. ज्या ऑपरेटरला आवाज ऐकून कळे की पट्टी कुठे घासते आहे, त्याचे ते शहाणपण कोणाला नको झाले. महाराष्ट्रातल्या अशाच फिरत्या सिनेमावाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला. तो २०१६ साली फ्रान्समध्ये कान गावच्या मोठ्या उत्सवात दाखवला गेला. तंबूची गोष्ट ल्युमिएर भावांच्या देशात जाऊन आली. मग २०२० साली करोना आला, जत्राच बंद झाल्या, टॉकीजही मिटल्या. महाराष्ट्रातल्या टॉकीज पुन्हा नीट उघडल्या त्या २२ ऑक्टोबर २०२१ रोजी.

आमची आत्या पुढे टीव्हीवरही सिनेमा पाही. तिथे सारे सुलट दिसे. पण ती कुरकुर करी, "याच्यात काय मजा हाय? शेजारी रडाले कोणी नाही." टीव्ही चालू ठेवून ती शेजारणीला हाक मारून घेई.

आता वहीच्या कोपऱ्यात वीस चित्रे काढा आणि पाने सोडून पाहा. दोन तासांच्या सिनेमात किती चित्रे होतात आणि पट्टी किती फूट लागते, याचा हिशेब मांडा. घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला विचारा, पहिला सिनेमा कुठे पाहिला, कोणाबरोबर, तिकीट किती होते आणि बसायला काय नेले होते. ते सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, पाच-सात ओळींत लिहून काढा आणि त्यांना वाचून दाखवा.